जॉप्लिन, जॅनिस

जॉप्लिन, जॅनिस : (१९ जानेवारी १९४३ – ४ ऑक्टोबर १९७०). रॉक व ब्लूज या संगीतप्रकारांतील विख्यात अमेरिकन गायिका. पूर्ण नाव जॅनिस लिन जॉप्लिन. जन्म टेक्सस राज्यातील पोर्ट आर्थर येथे. तिची व्यावसायिक कारकीर्द जेमतेम सव्वाचार वर्षांची. तिच्या हयातीत तीन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या आणि चौथी मृत्यूनंतर तीन महिन्यांनी निघाली. एवढ्या अल्प निर्मितीवर जगभर कीर्ती लाभलेल्या गायिका विरळाच. तथापि तिच्या आवाजाविषयी रसिकांत व समीक्षकांत प्रारंभापासून मतभेद आहेत. काहींना तो आवाज रॉक संगीतातील भावाविष्काराचे परमोच्च शिखर वाटतो, तर काहींना ती नुसती आरडाओरड वाटते. काहींच्या मते कृष्णवर्णीय गायिकांचे धन गोऱ्या गायिकेच्या नावावर जमा झाल्याचे ते उदाहरण आहे. या मतभेदांमागे एक मूलभूत प्रश्न आहे. तिचे गाणे हा दुःखाचा अनावर उद्रेक होता, की कष्टाने कमावलेली कला, हा तो प्रश्न होय.

जीवन : पोर्ट आर्थर हे मेक्सिकोच्या आखातालगतचे, तेलशुद्धीकरण कारखान्यांवर जगणारे गाव. वडील सेथ जॉप्लिन हे टेक्साको या तेल कंपनीत अभियंता होते. आई डॉरथी तरुणपणी चांगली गात असे. पुढे थायरॉइड ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता गळा गेला. तीन भावंडांत जॅनिस थोरली. गावात वर्णभेद काटेकोरपणे पाळला जाई. गोऱ्या व काळ्या मुलांनी एकत्र शिकण्यास हरकत नसावी, असे मत शाळेत उघडपणे मांडल्यामुळे तिला सहाध्यायांची हेटाळणी सोसावी लागली. रूढ सौंदर्यकल्पनांत न बसणारे रूप आणि वाचन-चित्रकलेची आवड यांमुळेही ती एकाकी पडली. याच काळात मित्रांच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिकांवरून तिला बेसी स्मिथ, मा रेनी, लेड बेली या कृष्णवर्णीय कलावंतांची ओळख झाली. ती चर्चमधील गायनवृंदात गात असे. पुढे ओडेटा या गायिकेची हुबेहूब नक्कल करताना स्वतःच्या आवाजातील सामर्थ्याची तिला जाणीव झाली.

बोमाँट येथील लामार महाविद्यालयात काही काळ काढून १९६२ मध्ये ती ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात दाखल झाली. तेथे केनेथ थ्रेडगिल याच्या मद्यगृहात ती लोकगीते व ब्लूज गाऊ लागली. हे मद्यगृह जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत होते. जानेवारी १९६३ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून चेट हेल्म्स या मित्राबरोबर ती वाटेत मिळतील त्या मोटारींतून सॅन फ्रॅन्सिस्को येथे गेली. तेथे कॉफीगृहांत तिने गायन केले. परंतु अँफेटामीन या उत्तेजक द्रव्याच्या व्यसनाने प्रकृती ढासळल्यामुळे १९६५ मध्ये तिला घरी परतावे लागले. वर्षभर तिने पुन्हा महाविद्यालयात अध्ययन केले. जून १९६६ मध्ये हेल्म्सने पाठविलेल्या निमंत्रणावरून ती सॅन फ्रॅन्सिस्कोस परतली आणि ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या वृंदाची गायिका झाली.

या वेळी सॅन फ्रॅन्सिस्को हे हिप्पी युवकांच्या प्रतिसंस्कृतीचे केंद्र बनले होते. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे भरलेल्या पॉप संगीत महोत्सवात तिने बिग मामा थॉर्नटन हिचे ‘बॉल अँड चेन’ (कैद्याच्या पायातील गोळा व साखळी) हे गीत गायिले आणि ती एका दिवसात प्रकाशझोतात आली. वृंदाच्या तत्कालीन व्यवस्थापकाने चित्रीकरणास नकार दिल्यामुळे पहिल्या दिवशीचे गायन चित्रित झाले नव्हते. केवळ चित्रीकरणासाठी वृंदाला दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यासपीठावर यावे लागले. डी. ए. पेनबेकर याच्या माँटेरी पॉप (१९६८) या चित्रपटात हे दुसरे गायन आहे. प्रेक्षकांत बसलेली गायिका कॅस एलियट तिचे गाणे ऐकून थक्क झाल्याचे दृश्यही त्यात टिपलेले आहे.

त्यानंतर अल्बर्ट ग्रॉसमन तिचा व्यवस्थापक झाला. कोलंबिया कंपनीने ऑगस्ट १९६८ मध्ये चीप थ्रिल्स ही ध्वनिमुद्रिका काढली. अमेरिकेतील खपाच्या यादीत ती आठ आठवडे अग्रस्थानी होती. १९६८ च्या अखेरीस जॉप्लिनने हा वृंद सोडला व शिंगवाद्यांचा समावेश असलेला ‘कॉझमिक ब्लूज बँड’ उभारला. त्याच्या साथीने १९६९ मध्ये तिने यूरोपचा दौरा केला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायन केले व वुडस्टॉक महोत्सवातही भाग घेतला. १९७० मध्ये तिने ‘फुल टिल्ट बूगी बँड’ हा तिसरा वृंद जमविला. त्याच्यासह लॉस अँजेल्स येथे पर्ल या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना ४ ऑक्टोबर १९७० रोजी हेरॉइनच्या अतिमात्रेमुळे हॉलिवुडमधील एका निवासगृहात तिचा मृत्यू झाला. त्या वेळी ती अवघी सत्तावीस वर्षांची होती. तिच्या इच्छेनुसार तिची रक्षा पॅसिफिक महासागरात विसर्जित करण्यात आली.

आवाजाचे स्वरूप : जॉप्लिनचा आवाज मुळात स्वच्छ व उंच पट्टीत सहज फिरणारा होता. १९६२ ते १९६४ या काळातील तिची हौशी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांपैकी १९६४ मध्ये गिटारवादक योर्मा काउकोनेन याच्या साथीने घरी केलेल्या मुद्रणात पार्श्वभूमीला टंकलेखन यंत्राचा खडखडाट ऐकू येतो. या मुद्रणांत ती बेसी स्मिथच्या धाटणीने, मोजक्या स्वरांत व शब्दांना वजन देत गाते. पुढे तिची खूण ठरलेला खरखरीतपणा येथे तुरळकच आढळतो. म्हणजे हा खरखरीतपणा तिचा जन्मजात दोष नव्हता व केवळ मद्यपानाचा परिणामही नव्हता. मोठ्या आवाजात वाजणाऱ्या विद्युत् गिटारींवर मात करून श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याच्या गरजेतून तिने तो घडविला. बिग ब्रदर वृंदात आल्यावर पूर्वीच्या पद्धतीने गाणे शक्य नव्हते, हे तिने स्वतःही सांगितले आहे.

गळ्यातील स्वररज्जूंच्या कंपनाने स्वर उत्पन्न होतो. हवेचा दाब वाढवून गळा आवळला असता स्वररज्जूंच्या वरच्या बाजूस असलेल्या घड्याही कंप पावू लागतात आणि स्वरात खर मिसळते. जॉप्लिनच्या चीत्कारात मूळ स्वराबरोबर आणखी एखादा स्वर ऐकू येत असल्याचा भास होतो, तो यामुळेच. विशेष म्हणजे ही खर ती इच्छेनुसार आणू व काढून घेऊ शकत असे. एकाच ओळीत कुजबुज, गद्याच्या जवळ जाणारा उच्चार, स्वच्छ लांब स्वर व फाटता चीत्कार असा क्रम ती लावते. एखाद्या शब्दाचे आद्य अक्षर अडखळल्यासारखे पुनःपुन्हा उच्चारणे, तालाच्या किंचित मागे रेंगाळून नंतर झेप घेणे आणि सर्व वाद्ये थांबवून निव्वळ आवाजावर श्रोत्यांना खिळवून ठेवणे, ही तिची अन्य वैशिष्ट्ये. भावानुसार आवाजात केलेल्या फरकाला भारतीय संगीतशास्त्रात ‘काकू’ म्हणतात. जॉप्लिनच्या गायनाचे बळ स्वरविस्तारापेक्षा या काकुप्रयोगात अधिक आहे, असे म्हणता येईल.

१९६६ च्या डिसेंबरमध्ये ओटिस रेडिंग या गायकाचे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात कार्यक्रम झाले. जागा पुढची मिळावी म्हणून जॉप्लिन प्रत्येक वेळी लवकर जाऊन बसत असे. श्रोत्यांना हळूहळू वर नेत कळसापर्यंत पोहोचविण्याची त्याची हातोटी तिने बारकाईने अभ्यासली. टीना टर्नर व अरेथा फ्रँक्लिन यांच्या गायनाचाही तिच्यावर प्रभाव होता.

अनुकूल व प्रतिकूल मते : प्रतिकूल टीकेचा मुख्य रोख अतिरेकावर आहे. जॉप्लिन गीताच्या प्रारंभीच इतक्या उंचीवर जाते, की पुढे वाढीस जागाच राहत नाही. सर्व गीतांना ती एकाच तापमानाला नेते. ब्लूजमधील सूचकता, विनोद व संयम तिच्याकडे नाही, असे आक्षेप घेण्यात आले. बेसी स्मिथचे भारदस्त, आटोपशीर गायन किंवा बिली हॉलिडेचा मंद, सूचक स्वर यांच्याशी तुलना केली असता जॉप्लिन उथळ वाटते, असे ब्लूज व जॅझच्या अनेक जाणकारांना वाटे. जॉर्ज गर्श्विनच्या ‘समरटाइम’ या अंगाईगीताचे तिने केलेले रूप या संदर्भात अनेकदा चर्चिले जाते. मूळ गीतातील शांत भाव तिने वेदनेत बदलला. काहींना ही विटंबना वाटते, तर काहींना गीताचा दडलेला अर्थ तिने उघड केला असे वाटते.

अनुकूल मत मांडणारे या अतिरेकालाच तिचा गुण मानतात. त्यांच्या मते रॉक संगीतात स्वराची निर्दोषता हा निकष नव्हे, तर गाणाऱ्याने स्वतःला किती पणाला लावले हा निकष होय. स्वतः जॉप्लिननेही मुलाखतींतून हीच भूमिका मांडली. पुढील वर्षांसाठी आवाज राखून ठेवण्याकरिता आज हात आखडून गाणे तिला मान्य नव्हते. एलेन विलिस या समीक्षिकेने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, आपल्या पिढीचा इतिहास व पुराणकथा घडविणाऱ्या अमेरिकन रॉक कलावंतांत बॉब डिलननंतर जॉप्लिनचेच स्थान आहे, असे प्रतिपादन केले. यापेक्षा मोठा गौरव त्या पिढीच्या समीक्षेत क्वचितच कोणाच्या वाट्यास आला असेल.

या दोन मतांत दिसणारे अंतर काही अंशी ऐकलेल्या सामग्रीवर अवलंबून आहे. माँटेरीचा चित्रपट पाहणाऱ्यास तिचा उद्रेक दिसतो. कॉझमिक ब्लूज बँडबरोबर मुद्रित केलेले रॉजर्स व हार्ट यांचे ‘लिटल गर्ल ब्लू’ हे गीत ऐकणाऱ्यास तिचा हळुवारपणा जाणवतो. वुडस्टॉक येथे रात्री बराच उशिरा, दीर्घ प्रतीक्षेनंतर ती गायिली. त्या गायनावर ती स्वतः असंतुष्ट होती आणि १९७० च्या मूळ चित्रपटात त्याचा समावेश झाला नाही. पुढे ही मुद्रणे उपलब्ध झाल्यावर त्यांविषयीही दोन्ही टोकांची मते व्यक्त झाली.

वाद्यवृंदाचा वाद : जॉप्लिनची साथ करण्यास कोणता वृंद योग्य होता, हा तिच्या हयातीतच गाजलेला वाद आहे. बिग ब्रदर वृंदातील सॅम अँड्र्यू, जेम्स गर्ली आदी वादक तंत्रदृष्ट्या कच्चे होते. स्वर व लय यांत ते वारंवार ढिले पडत. चीप थ्रिल्स ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका असल्याचा आभास श्रोत्यांच्या आवाजांची जोड देऊन निर्माण केलेला आहे. तिच्यातील बहुतेक गीते ध्वनिमुद्रणगृहातच मुद्रित झाली व समाधानकारक मुद्रण मिळविण्यास निर्माता जॉन सायमन यास बरेच कष्ट पडले. एवढ्या समर्थ गायिकेने अशा वृंदात अडकून राहू नये, असे अनेकांनी सुचविले.

तिने वृंद सोडल्यावर मात नेमकी उलट टीका झाली. २१ डिसेंबर १९६८ रोजी मेम्फिस येथे स्टॅक्स या कृष्णवर्णीय संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या नाताळ समारंभात नव्या वृंदासह ती प्रथमच गायिली. पुरेशी तालीम झाली नव्हती आणि सोल संगीताच्या त्या माहेरघरी श्रोत्यांनी तिचे थंडपणे स्वागत केले. मार्च १९६९ मध्ये रोलिंग स्टोन या नियतकालिकात पॉल नेल्सन याचा लेख आला. अतिभावुकतेबद्दल प्रसिद्ध असलेल्या ज्यूडी गार्लंडशी तिची तुलना शीर्षकातच प्रश्नरूपाने केलेली होती. सॅन फ्रॅन्सिस्को क्रॉनिकलमधील ज्येष्ठ समीक्षक रॅल्फ ग्लीसन याने तर तिने जुन्या वृंदाकडे परत जावे, असा सल्ला दिला. ज्या शहराने तिला घडविले त्याच शहरातून आलेली ही टीका तिच्या जिव्हारी लागली.

आज मागे वळून पाहता दोन्ही पक्षांत तथ्य आढळते. बिग ब्रदरचे वादन ओबडधोबड असले, तरी ते तिच्या आवाजाच्या खरखरीतपणाशी जुळणारे होते. कॉझमिक ब्लूज बँड अधिक निपुण होता. पण शिंगवाद्यांच्या ठरीव रचनेत तिच्या उत्स्फूर्ततेला वाव उरत नसे. तिसऱ्या वृंदात मात्र निपुणता व लवचिकता यांचा मेळ बसला. त्यामुळे पर्ल ही तिची सर्वांत परिपक्व कृती ठरते, याविषयी बहुतेक समीक्षकांचे एकमत आहे. डोअर्स या वृंदाच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता पॉल रॉथचाइल्ड हा या कामी तिच्याबरोबर होता. आवाज जपून, त्याच्या सर्व छटा वापरून गाण्याकडे त्याने तिचे लक्ष वेधले. क्रिस क्रिस्टॉफरसन व फ्रेड फॉस्टर यांचे ‘मी अँड बॉबी मॅगी’ हे गीत तिने संथ, कथनपर स्वरात सुरू केले व शब्द संपल्यावर निव्वळ स्वरांच्या उसळीत संपविले. १९७१ मध्ये हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. निक ग्रेव्हनाइट्सच्या एका गीताचे वाद्यसंगीत तयार होते, परंतु तिचे गायन मुद्रित होण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला; ते गीत ध्वनिमुद्रिकेत गायनाविनाच समाविष्ट आहे.

कृष्णवर्णीय परंपरेशी नाते : जॉप्लिनच्या वारशाविषयीचा सर्वांत गंभीर प्रश्न वर्णभेदाशी निगडित आहे. तिची प्रसिद्ध गीते बहुतांशी कृष्णवर्णीय कलावंतांनी आधी गायिलेली होती. ‘पीस ऑफ माय हार्ट’ हे जेरी रॅगोव्हॉय व बर्ट बर्न्स यांचे गीत १९६७ मध्ये अर्मा फ्रँक्लिन हिने गायिले होते. अर्मा ही अरेथाची थोरली बहीण. वर्षभराने जॉप्लिनच्या आवाजात ते गीत जगभर गेले आणि मूळ गायिकेचे नाव मागे पडले. ‘क्राय बेबी’ हे गार्नेट मिम्सचे, तर ‘गेट इट व्हाइल यू कॅन’ हे हॉवर्ड टेटचे गीत होय. ‘बॉल अँड चेन’ हे गीत थॉर्नटनने स्वतः रचले होते. पण प्रकाशनहक्क तिच्या हाती न राहिल्यामुळे जॉप्लिनमुळे झालेल्या प्रसाराचा पूर्ण आर्थिक लाभ तिला मिळाला नाही. गोऱ्या कलावंतांना सहज मिळणारी व्यासपीठे, नभोवाणीवरील प्रसारण व मोबदला यांपासून कृष्णवर्णीय कलावंत वंचित राहिले, हा अमेरिकन संगीताच्या इतिहासातील अन्याय आहे. जॉप्लिनच्या यशाचा विचार त्याला वगळून करता येत नाही.

दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते, की जॉप्लिनने हे ऋण कधी लपविले नाही. मुलाखतींत व कार्यक्रमांत ती थॉर्नटन व बेसी स्मिथ यांचा आवर्जून उल्लेख करी. बेसी स्मिथचा मृत्यू १९३७ मध्ये झाला होता व फिलाडेल्फियाजवळील तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षे नामशिलाही नव्हती. ऑगस्ट १९७० मध्ये तेथे शिला बसविण्यात आली. तिचा खर्च जॉप्लिन व ह्वानिटा ग्रीन या दोघींनी केला. ग्रीन ही लहानपणी बेसी स्मिथच्या घरी काम करीत असे. हे कार्य होऊन दोन महिने होण्याच्या आतच जॉप्लिन मरण पावली.

तिने मूळ गीतांची नक्कल केली की नवनिर्मिती, हाही या प्रश्नाचाच एक भाग आहे. थॉर्नटनचे गायन धीमे, ठाम व आत्मविश्वासाचे आहे. जॉप्लिनच्या गायनात तेच गीत कोसळत्या मनाचे चित्र होते. ‘पीस ऑफ माय हार्ट’च्या दोन रूपांची तुलना विलिसने केली आहे. अर्मा फ्रँक्लिनच्या गाण्यात तिला आव्हान ऐकू आले. काहीही सोसावे लागले तरी आपली प्रेम करण्याची शक्ती नष्ट होऊ देणार नाही, असा तो स्वर होता. जॉप्लिनच्या गाण्यात तिला सोसत राहिल्याने कधीतरी प्रेम मिळेल, अशी आशा जाणवली. हा फरक ध्यानी घेतल्यास जॉप्लिनचे गायन मूळ गायनाची जागा घेत नाही, तर त्याच्या शेजारी उभे राहते. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकणाऱ्यास दोन वेगळ्या स्त्रियांची मने कळतात. ऋण मान्य करणे आणि अन्यायाची भरपाई होणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट जॉप्लिनने केली. दुसरी एका गायिकेच्या हाती नव्हती.

स्त्री-कलावंत म्हणून स्थान : १९६७ पूर्वी अमेरिकन रॉक वृंदांत स्त्रियांचे स्थान गौण होते. नीटनेटका वेश, गोड आवाज व ठरीव हालचाली यांची त्यांच्याकडून अपेक्षा असे. विस्कटलेले केस, मण्यांच्या माळा, पिसे व व्यासपीठावरील मद्याची बाटली अशा अवतारात घामाघूम होऊन गाणाऱ्या जॉप्लिनने हा संकेत मोडला. स्त्रीने जाहीरपणे वासना, राग व याचना व्यक्त करणे, तेही सुंदर दिसण्याची पर्वा न करता, ही त्या काळात मुक्ततेची घोषणा वाटली.

स्त्रीवादी समीक्षेत मात्र याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिने असंख्य तरुणींना आवाज दिला. दुसऱ्या मतानुसार पुरुषाच्या प्रेमासाठी आक्रोश करणारी स्त्री हेच तिच्या गीतांचे केंद्र असल्यामुळे तिचे बंड अपुरे राहिले. हिप्पी संस्कृतीतील मोकळेपणाही प्रामुख्याने पुरुषांच्या सोयीचा होता आणि त्या जगात तिला ‘पुरुषांतील एक’ होऊनच टिकाव धरता आला. तिचे प्रेमसंबंध स्त्रिया व पुरुष या दोहोंशी होते. ही बाब तिच्या हयातीत जाहीरपणे बोलली गेली नाही. नंतरच्या चरित्रकारांनी तिची सविस्तर चिकित्सा केली.

मृत्यू आणि आख्यायिका : जॉप्लिनच्या मृत्यूपूर्वी सोळाच दिवस, १८ सप्टेंबर १९७० रोजी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वारला होता, जुलै १९७१ मध्ये डोअर्सचा गायक जिम मॉरिसन वारला. तिघेही सत्तावीस वर्षांचे. या योगायोगामुळे अकाली मृत्यूचे एक वलय त्यांच्याभोवती निर्माण झाले. जॉप्लिनच्या बाबतीत तर तिचा आवाज म्हणजे तिच्या मृत्यूची पूर्वसूचनाच होती, असे मानण्याची प्रथा पडली. द रोझ (१९७९) या बेट मिडलर अभिनीत चित्रपटातील स्वतःचा नाश ओढवून घेणारी गायिका बहुतांशी तिच्यावरूनच बेतलेली आहे.

तिच्या चरित्रग्रंथांतून या आख्यायिकेचा चढउतार दिसून येतो. मायरा फ्रीडमन ही ग्रॉसमनच्या कार्यालयात तिच्या प्रसिद्धीचे काम पाहत असे. तिच्या बरीड अलाइव्ह (१९७३) या ग्रंथात एकाकीपणा व व्यसन यांवर भर आहे. धाकटी बहीण लॉरा जॉप्लिन हिने लव्ह, जॅनिस (१९९२) या पुस्तकात जॅनिसची घरी पाठविलेली पत्रे प्रसिद्ध केली. आईवडिलांना आपल्या यशाचे वृत्त उत्साहाने कळविणारी, त्यांच्या पसंतीसाठी आसुसलेली मुलगी त्यांतून भेटते. ॲलिस एकल्स हिने स्कार्स ऑफ स्वीट पॅरडाइज (१९९९) मध्ये तिला टेक्ससच्या व सातव्या दशकाच्या सामाजिक इतिहासात ठेवून पाहिले. हॉली जॉर्ज-वॉरेन हिच्या २०१९ मधील चरित्रात तिचा व्यासंग, गीतांची निवड व ध्वनिमुद्रणगृहातील कामगिरी यांना महत्त्व दिलेले आहे. बळी ठरलेल्या स्त्रीकडून कष्टाळू कलावंताकडे असा हा दृष्टिकोनातील बदल आहे.

व्यसनाचा तिच्या गायनावर काय परिणाम झाला, याविषयीही दुमत आहे. मद्य व हेरॉइन यांनी तिला धीर दिला, असे रम्य चित्र काहींनी रंगविले. उपलब्ध मुद्रणांवरून तसे दिसत नाही. पर्ल या ध्वनिमुद्रिकेतील गायन शिस्तीचे, तयारीचे आणि पूर्ण शुद्धीवर केलेल्या निवडींचे आहे. मृत्यूच्या तीन दिवस आधी, १ ऑक्टोबर १९७० रोजी तिने ‘मर्सिडीज बेंझ’ हे उपरोधिक गीत कोणत्याही वाद्याच्या साथीविना, एकाच दमात मुद्रित केले. त्यात तिचा स्वर खणखणीत व विनोदबुद्धी शाबूत आहे. तिच्या गळ्याने आणखी किती वर्षे साथ दिली असती, हा तर्काचा विषय आहे; परंतु ती संपत आलेली गायिका नव्हती, एवढे निश्चित.

वारसा व मूल्यमापन : जॉप्लिनचा प्रभाव तिच्यासारखे गाणाऱ्यांपेक्षा तिच्यामुळे गाण्याचे धाडस केलेल्यांत अधिक दिसतो. तिची शैली जशीच्या तशी उचलणे कठीण आणि उचलल्यास कृत्रिम वाटते. स्टीव्ही निक्स, मेलिसा एथरिज, पिंक, फ्लॉरेन्स वेल्श आदी गायिकांनी तिचे ऋण मान्य केले आहे. १९९५ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला. २००५ मध्ये तिला मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्या वेळी कर्करोगावरील उपचारांमुळे केस गेलेल्या एथरिजने जॉप्लिनचे गीत गाऊन तिला अभिवादन केले. चीप थ्रिल्स या ध्वनिमुद्रिकेचा २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात समावेश करण्यात आला व २०१४ मध्ये तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. एमी बर्ग हिने दिग्दर्शित केलेला जॅनिस : लिटल गर्ल ब्लू (२०१५) हा अनुबोधपटही उल्लेखनीय आहे. ज्या पोर्ट आर्थरने तिची उपेक्षा केली, तेथील संग्रहालयात आता तिच्या स्मृतिवस्तू जतन केलेल्या आहेत.

सारांश, जॉप्लिनच्या आवाजाविषयीचे मतभेद मिटण्यासारखे नाहीत, कारण त्यांचे मूळ गायनाकडून असलेल्या वेगवेगळ्या अपेक्षांत आहे. संयम व सूचकता यांना मान देणाऱ्या श्रोत्यास ती सर्वस्वी रुचणार नाही आणि त्या आवडीत काही गैर नाही. तथापि तिचे गाणे म्हणजे केवळ दुःखाचा उद्रेक होता, हे मत मुद्रणांच्या कसोटीवर टिकत नाही. दुःख अनेकांच्या वाट्यास येते. ते स्वरात उतरविण्यास शिकावे लागते. ती ते बेसी स्मिथ, थॉर्नटन, रेडिंग यांच्याकडून शिकली, वृंद बदलत राहिली आणि अखेरच्या महिन्यांत तिला आपली वाट सापडली होती. तिच्या आवाजाला नुसती वेदना म्हणणे म्हणजे एकीकडे तिचे परिश्रम नाकारणे व दुसरीकडे ज्यांच्यापासून ती शिकली त्या कृष्णवर्णीय कलावंतांची विद्या नाकारणे होय. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून ऐकल्यास तिच्या अल्प पण तेजस्वी कारकीर्दीचे यथार्थ आकलन होते.